दाबोळीवरची बॉम्बफेक 'सामरिक' होती का? आणि बॉम्ब टाकून युद्ध जिंकता येतं का?

वास्कोहून आलेले प्रश्न तीन आहेत. १८ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्तीच्या कारवाईत, भारतीय हवाई दलाने गोव्यातल्या दाबोळी विमानतळाच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, त्याला 'सामरिक बॉम्बफेक' म्हणायचं का? दुसऱ्या महायुद्धात शहरंच्या शहरं जाळली, त्याने युद्ध जिंकलं गेलं का? आणि दाबोळीच्या आसपास खोदकाम करताना त्या वेळचा न फुटलेला बॉम्ब निघू शकतो का?

पहिल्याचं उत्तर लगेच देऊन टाकतो: नाही. दुसऱ्याला वेळ लागेल. तिसरं शेवटी.

सामरिक बॉम्बफेक म्हणजे समोरच्या सैन्याला बाजूला ठेवून त्याला पोसणाऱ्या गोष्टींवर केलेला हल्ला. तेल, पोलाद, वीज, रेल्वे, बंदरं, आणि हे सगळं चालवणारी माणसं. इटलीच्या जुलिओ दुए या सेनाधिकाऱ्याने १९२१ साली हा विचार ठामपणे मांडला: शहरांवर मारा करा, लोकच आपल्या सरकारला शरण जायला लावतील. त्याला त्या वेळी पुरावा काही नव्हता, पण पुढची पंचवीस वर्षं मोठमोठी हवाई दलं याच विश्वासावर उभी राहिली.

गोव्यात यातलं काहीच लागू पडत नव्हतं. पोर्तुगालची युद्ध करण्याची ताकद लिस्बनमध्ये होती, डिचोली-सांग्याच्या खाणींत नव्हती. खाणी आणि मांडवी-जुवारीतल्या बार्जेसवर बॉम्ब टाकले असते तर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचं काहीच बिघडलं नसतं, इथल्या लोकांचा रोजगार मात्र बुडाला असता. गोव्यात पोर्तुगीजांकडे लढाऊ विमानं नव्हती. धोका होता तो बाहेरून कुमक येण्याचा आणि लिस्बनशी संपर्क चालू राहण्याचा. म्हणून मोहिमेची हवाई बाजू सांभाळणाऱ्या एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांना दिलेलं काम मोजकं होतं: दाबोळीची धावपट्टी निकामी करा, पण टर्मिनल आणि विमानतळाच्या बाकी सोयींना धक्का लावू नका, बांबोळीचं वायरलेस स्टेशन बंद पाडा, दमण आणि दीवच्या धावपट्ट्यांना परवानगीशिवाय हात लावू नका, पुढे सरकणाऱ्या पायदळाला लागेल तशी मदत करा.

त्याप्रमाणे विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा विमानांनी काही मिनिटांत ६३,००० पौंड, म्हणजे सुमारे साडेअठ्ठावीस टन बॉम्ब धावपट्टीवर टाकले. पुणे ते दाबोळी हवाई अंतर साडेतीनशे किलोमीटर. जेट बॉम्बफेकी विमानाला तो अर्ध्या तासाचा पल्ला. त्यानंतर विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या आठ कॅनबेरांनी दुसरी फेरी केली. बांबोळीवर सहा हंटर विमानांनी रॉकेटं आणि तोफांचा मारा केला. टर्मिनल शाबूत राहिलं. तिथे उभी असलेली दोन पोर्तुगीज प्रवासी विमानंही मुद्दाम सोडून दिली गेली, आणि त्याच रात्री ती फुटक्या धावपट्टीवरून उडून कराचीला पोचली. वीस बॉम्बफेकी विमानांनी दोनदा झोडपलेल्या धावपट्टीवरून चार इंजिनांची विमानं कशी उडतात, याचा हिशेब पुढे येईलच. ही सगळी कारवाई डावपेचात्मक होती: एक तळ बंद पाडायचा, एक आवाज बंद करायचा, तोही दोन-तीन दिवसांपुरता.

आता दुसरा प्रश्न. सामरिक बॉम्बफेकीचा इतिहास समजून घ्यायचा तर नैतिकतेपासून किंवा राजकारणापासून सुरुवात करू नका. नेमापासून करा. बाकी सगळं त्यातून निघतं.

साधा बॉम्ब, म्हणजे शेपटीला पंख असलेला लोखंडी गोळा, विमानातून सुटला की त्याच्यावर कोणाचाच ताबा नसतो. समजा विमान ६,१०० मीटरवर (२०,००० फूट) आहे आणि वेग ताशी ३६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १०० मीटर. बॉम्ब खाली यायला सुमारे ३५ सेकंद लागतात, हवेचा अडथळा धरला तर थोडे जास्त. या वेळात तो पुढे साडेतीन किलोमीटरच्या आसपास जातो. म्हणजे मुरगाव बंदरावर टाकायचा बॉम्ब साडेतीन किलोमीटर आधीच, समुद्रावर असताना सोडावा लागेल.

आता चुका मोजा. बटण दाबायला एक सेकंद उशीर झाला: बॉम्ब १०० मीटर पुढे. वाऱ्याचा अंदाज ताशी १० किलोमीटरने चुकला: ३५ सेकंदांत सुमारे १०० मीटर बाजूला. विमानाची दिशा एक अंश वाकडी: ६० मीटर. उंची मोजण्यात १०० मीटरची चूक: आणखी ३० मीटर. वर वारा एका थरात एका दिशेने, खालच्या थरात दुसऱ्या दिशेने, त्याचं तर नीट मोजमापही होत नसे. या सगळ्या चुका एकाच वेळी होतात, आणि त्या करणारा माणूस उणे तीस-चाळीस अंश थंडीत, ऑक्सिजनचा मास्क लावून, आजूबाजूला तोफगोळे फुटत असताना दुर्बिणीला डोळा लावून बसलेला असतो. प्रयोगाच्या मैदानावर, निरभ्र आकाशात मिळणारी अचूकता युरोपच्या ढगांत कधीच मिळाली नाही. अमेरिकेचं नॉर्डन बॉम्बसाइट हे नेम धरायचं उत्तम यंत्र होतं, पण ते दिसणाऱ्या लक्ष्यासाठी, आणि विमान काही मिनिटं सरळ रेषेत स्थिर उडवता आलं तर.

ब्रिटिशांनी दिवसा जाऊन पाहिलं, विमानं पडली, म्हणून ते रात्री जाऊ लागले. वैमानिक परत येऊन 'लक्ष्य जळताना पाहिलं' असं सांगत आणि सगळे खूश. ऑगस्ट १९४१ मध्ये बट नावाच्या एका सरकारी अधिकाऱ्याने विमानांतून घेतलेले सहाशेहून जास्त फोटो तपासले. निष्कर्ष असा की ज्यांनी लक्ष्यावर हल्ला केल्याची नोंद केली त्या विमानांपैकी तिघांत एकच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचलं होतं. जर्मनीतल्या रूरच्या औद्योगिक पट्ट्यात, जिथे कायम धूर असे, दहात एक.

पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. पणजीच्या चर्चवर नेम धरला आणि बॉम्ब कांदोळीच्या किनाऱ्यावर किंवा बांबोळीत पडला, तरी तो या हिशेबात 'पोचला' असं धरलं जाई. आणि हे तिघांतल्या एकाचं. उरलेले दोघे कुठे गेले असतील ते तुम्हीच ठरवा.

यानंतर दोनच मार्ग होते. नेम सुधारा, नाहीतर लक्ष्य मोठं करा. नेम सुधारायला वेळ लागणार होता, लक्ष्य मोठं करायला एक कागद पुरला. १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने शत्रूच्या नागरिकांचं, विशेषतः कारखान्यांतल्या कामगारांचं मनोधैर्य हे बॉम्बर कमांडचं, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी शाखेचं, मुख्य लक्ष्य ठरलं. आठवड्याभरात आर्थर हॅरिस तिचा प्रमुख झाला. मेच्या अखेरीस कोलोनवर एका रात्रीत हजारावर विमानं पाठवली गेली. कारखाना सापडत नव्हता, पण शहर सापडत होतं. शहरावरच्या बॉम्बफेकीचं समर्थन करणारी जी भाषणं नंतर झाली, ती या तांत्रिक अपयशावर चढवलेला रंग होता, असं माझं मत आहे.

जुलै १९४३ च्या शेवटी हॅम्बुर्गवर लागोपाठ हल्ले झाले. रडारला गोंधळवण्यासाठी धातूच्या कागदाच्या पट्ट्यांचे गठ्ठे पहिल्यांदाच हवेत सोडले गेले. २७-२८ जुलैच्या रात्री कोरडी, गरम हवा होती आणि दाट वस्तीत इतक्या ठिकाणी एकदम आगी लागल्या की त्या एकमेकींत मिसळून वादळ तयार झालं. मोठ्या स्फोटक बॉम्बनी छपरं आणि खिडक्या उडवायच्या आणि मग हजारो लहान आगलावे बॉम्ब आत पडायचे, ही रीत तोवर पक्की झाली होती. त्या आठवड्यात सुमारे ४०,००० माणसं मेली, बरीचशी तळघरांत गुदमरून. काही महिन्यांत हॅम्बुर्गचं बरंचसं उत्पादन पुन्हा सुरू झालं.

हे शेवटचं वाक्य लोकांना पटत नाही, म्हणून त्याची कारणं सांगतो. कारखान्याचं छप्पर कोसळतं, पण खालचं लेथ मशीन जड ओतीव लोखंडाचं असतं. थेट बॉम्ब पडला नाही तर धूळ झटकून, गंज पुसून ते पुन्हा चालतं. दुसरं, जर्मन उद्योग बराच काळ एकाच पाळीत चालत होता आणि गोदामांत साठा होता, म्हणजे तोटा सोसायला जागा होती. तिसरं, घर जळालेला कामगार दुसऱ्या दिवशी कामावर येतो, कारण रेशनकार्ड, पगार आणि गरम जेवण तिथेच मिळतं. मनोधैर्य खचतं, पण खचलेला माणूस बंड करत नाही, मुकाट काम करतो. लंडनवर सप्टेंबर १९४० पासून सलग ५७ रात्री बॉम्ब पडले तेव्हाही हेच दिसलं होतं. ब्रिटिशांनी आपल्या लोकांबद्दल जे पाहिलं ते जर्मनांना लागू होणार नाही असं का मानलं, हे मला आजवर कळलेलं नाही. जर्मनीचं शस्त्रउत्पादन शिखरावर पोचलं ते जुलै १९४४ मध्ये, दोन वर्षांच्या शहरबॉम्बफेकीनंतर.

अमेरिकन दिवसा गेले, ठरावीक कारखाने निवडून. कल्पना चांगली होती: सगळी अर्थव्यवस्था मोडायची गरज नाही, एक खिळा काढा. त्यांनी बॉल बेअरिंग निवडलं, कारण रणगाडा असो की विमान, बेअरिंगशिवाय फिरत नाही, आणि त्याचं उत्पादन श्वाइनफुर्ट या एका गावात एकवटलेलं. १७ ऑगस्ट १९४३ रोजी श्वाइनफुर्ट आणि रेगेन्सबुर्ग मिळून ३७६ बी-१७ बॉम्बफेकी विमानं गेली, ६० पडली. १४ ऑक्टोबरला पुन्हा २९१ पाठवली, पुन्हा ६० पडली. प्रत्येक विमानात दहा माणसं. आणि फळ? पहिल्या आणि दुसऱ्या हल्ल्यात जवळजवळ दोन महिन्यांचं अंतर पडलं. तेवढ्यात जर्मनीचा शस्त्रउत्पादन मंत्री अल्बर्ट स्पेअर याच्या माणसांनी साठे शोधले, स्वीडनकडून माल घेतला, जिथे चालेल तिथे साधी बेअरिंग बसवली आणि कारखाने वेगवेगळ्या गावांत पांगवले. लक्ष्य बरोबर होतं, पण एकदा मारून सोडून दिलं. जखम भरायला वेळ दिला की ती भरते.

तेलाच्या बाबतीत ही चूक झाली नाही. म्हणून सामरिक बॉम्बफेक कुठे लागू पडली असं कोणी विचारलं, तर मी मे १९४४ पासूनच्या तेलमोहिमेकडे बोट दाखवतो. जर्मनीकडे नैसर्गिक तेल नगण्य. विमानाचं पेट्रोल कोळशापासून बनवायचे, मोजक्या अवाढव्य कारखान्यांत. असा कारखाना पांगवता येत नाही. उच्च दाबाच्या टाक्या, मैलोन्‌मैल पाइप, गॅसच्या नळ्या, एक ठिकाणी फुटलं की सगळं थांबतं. त्यातल्या लॉयनाच्या कारखान्याचं उदाहरण घ्या. १२ मेला पहिला हल्ला, कारखाना बंद. दहा दिवसांत अर्धवट चालू. २८ मेला पुन्हा हल्ला, ३ जूनला पुन्हा अर्धवट चालू. ७ जुलैला परत बंद, दोन दिवसांत परत सुरुवात. असं वर्षभर चाललं, एकूण २२ हल्ले, १८,००० टनांहून जास्त बॉम्ब. दुरुस्तीवर जर्मनांनी देशभर साडेतीन लाखांपर्यंत माणसं लावली होती. पण दर वेळी चालू झालेलं यंत्र आधीच्याहून लंगडं असे. विमानाच्या पेट्रोलचं उत्पादन एप्रिलमध्ये १,७५,००० टन होतं, जुलैत ३०,००० आणि सप्टेंबरमध्ये ५,०००. कारखान्यांतून नवी विमानं बाहेर पडत होती, पण नव्या वैमानिकाला सराव करायला पेट्रोल नव्हतं.

अचूकतेचं काय, असं विचाराल तर युद्धानंतर अमेरिकनांनी केलेल्या पाहणीतले आकडे पाहा. तीन मोठ्या तेल कारखान्यांवर टाकलेल्या दर १०० बॉम्बपैकी ८७ कुंपणाबाहेर पडले. आत पडलेल्यांतलेही बरेच फुटले नाहीत किंवा मोकळ्या जागेत फुटले. एकूण मोहिमेत 'अचूक' म्हणून टाकलेल्या बॉम्बपैकी सुमारे २० टक्के नेमाच्या बिंदूभोवतीच्या १,००० फूट त्रिज्येच्या वर्तुळात पडले. पणजीच्या चर्चच्या पायऱ्यांवर कंपासचं टोक ठेवून ३०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा, ते एवढं. दहातले आठ त्याच्या बाहेर. म्हणजे तेलमोहीम जिंकली ती नेमामुळे नव्हे, चिकाटीमुळे, आणि एका गोष्टीमुळे जी बॉम्बशी संबंधितच नाही: जादा टाक्या लावलेलं पी-५१ मस्टँग हे लढाऊ विमान बॉम्बफेकी विमानांबरोबर बर्लिनपर्यंत जाऊन परत येऊ शकत होतं. श्वाइनफुर्टला सोबत तेवढ्या पल्ल्याची लढाऊ विमानं नव्हती.

त्याची किंमतही लिहून ठेवायला हवी. एकट्या ब्रिटिश बॉम्बर कमांडची ५५,५७३ माणसं मेली. विमानात बसलेल्या जवळपास सव्वा लाखांपैकी एवढी. जमिनीवर जर्मनीत लाखो.

जपानची गोष्ट थोडक्यात. अमेरिकेची बी-२९ विमानं ३०,००० फुटांवरून बॉम्ब टाकू लागली तेव्हा वरच्या जोरदार वाऱ्याने सगळी गणितं उधळली. त्यांचा सेनानी कर्टिस लमे याने उंची ५,००० ते ९,००० फुटांवर आणली, रात्र निवडली आणि आगलावे बॉम्ब भरले. ९-१० मार्च १९४५ च्या रात्री तोक्योचा सुमारे ४१ चौरस किलोमीटर भाग जळाला, ८० हजार ते लाखभर माणसं मेली. पुन्हा तीच वाट: नेम लागेना म्हणून लक्ष्य मोठं. याउलट त्याच बी-२९ विमानांनी जपानच्या बंदरांच्या तोंडाशी सुमारे १२,००० समुद्री सुरुंग टाकले, आणि अन्न, कोळसा आणणारी जहाजं अडकून पडली. त्या मोहिमेचं नाव फारसं कोणाला माहीत नाही, पण नुकसानीच्या मानाने फळ पाहिलं तर मला ती शहरं जाळण्यापेक्षा कितीतरी जास्त परिणामकारक वाटते. हिरोशिमा, नागासाकीने युद्ध संपवलं की रशियाच्या युद्धप्रवेशाने, हा वाद इतिहासकारांत चालूच आहे. मी त्यात शिरत नाही, कारण अणुबॉम्बचा हिशेब साध्या बॉम्बच्या हिशेबात बसत नाही.

आता धावपट्टी. इथे आकडे हाताच्या अंतरावर आहेत, म्हणून थोडं थांबू.

धावपट्टी हे सोपं लक्ष्य वाटतं: मोठी, सरळ, जागची न हलणारी. प्रत्यक्षात ती फार त्रासदायक. दोन किलोमीटर लांब असली तरी रुंदी ४०-५० मीटरच. वर नेमाचा हिशेब पाहिला, त्यात ५० मीटर म्हणजे काहीच नाही. म्हणून विमान धावपट्टीच्या रेषेत न येता तिला तिरकं छेदून जातं आणि ठरावीक अंतराने बॉम्बची माळ सोडतं, म्हणजे निदान एक तरी पट्टीवर पडेल. ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातल्या फॉकलंड युद्धात, १ मे १९८२ रोजी, ब्रिटिश व्हल्कन विमान असेन्शन बेटावरून सहा हजारांहून जास्त किलोमीटर उडून फॉकलंडच्या स्टॅन्लेला गेलं, वाटेत इंधन देणारी विमानं एकमेकांना इंधन देत त्याच्यापर्यंत पोचवत होती. त्याने २१ बॉम्बची माळ तिरकी टाकली. पट्टीवर एक पडला. यालाच यश म्हणतात, आणि ते होतंही, कारण गणित तेवढंच सांगत होतं.

दुसरी अडचण फ्यूजची, म्हणजे बॉम्ब कधी फुटायचा ते ठरवणाऱ्या यंत्रणेची. बॉम्ब पृष्ठभागावरच फुटला तर काँक्रीटला वाटीएवढा खळगा पडतो. त्याने आत घुसून मग फुटायला हवं, म्हणजे फ्यूजला सेकंदाच्या शतांशातला विलंब द्यावा लागतो. पण बॉम्ब कमी उंचीवरून, आडवा टाकला तर पाण्यावर चपटा दगड मारावा तसा तो काँक्रीटवरून उसळून पुढे जातो. म्हणजे उंचीवरून टाका, किंवा विमान सूर मारून तीव्र कोनात खाली आणा. १९७१ मध्ये भारतीय हवाई दलाने ढाक्याजवळच्या तेजगावला हेच केलं. आधीच्या दोन दिवसांत लपवून ठेवलेली पाकिस्तानची सेबर लढाऊ विमानं शोधून मारायचा प्रयत्न फारसा फळला नव्हता. ६ डिसेंबरला मिग-२१ विमानांनी ५०० किलोचे बॉम्ब घेऊन तीव्र कोनात सूर मारले आणि धावपट्टीच तोडली. त्यानंतर पूर्व पाकिस्तानातली सेबर पुन्हा उडाली नाहीत.

तिसरी, आणि सगळ्यात दुर्लक्षित अडचण: खड्डा बुजतो. १,००० पौंडी बॉम्बचा खड्डा बारा मीटर रुंद आणि चार मीटर खोल धरला तर उलट्या शंकूच्या हिशेबाने १५० घनमीटर भराव लागतो. खाणीवरच्या दहा टनी टिपरच्या पंचवीसेक खेपा. त्यातला बराचसा माल खड्ड्याभोवतीच पडलेला असतो. खरा वेळ जातो तो तीन गोष्टींत. एक, न फुटलेला किंवा उशिरा फुटणारा बॉम्ब नाही याची खात्री करण्यात. दोन, खड्ड्याच्या काठाभोवती वर उचललेल्या काँक्रीटच्या लाद्या तोडून काढण्यात: नुसता खड्डा भरला आणि ही उचललेली कड तशीच ठेवली तर चाकं तिथे आपटून मोडतात. तीन, भराव थराथराने दाबण्यात. एका दमात माती लोटली तर पहिल्या विमानाखाली ती खचते. शेवटी खडी आणि वर लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या जाळीच्या पट्ट्या. भूजला डिसेंबर १९७१ मध्ये माधापर गावच्या सुमारे ३०० बायकांनी तीन दिवसांत हे काम केलं, बरंचसं हातांनी.

शिवाय सगळी पट्टी दुरुस्त करावीच लागत नाही. हल्ला झालेल्या तळावर अधिकारी नकाशा घेऊन एक चिंचोळी फीत शोधतात, लढाऊ विमानासाठी साधारण दीड किलोमीटर लांब आणि १५ मीटर रुंद. खड्डे चुकवून तेवढी मिळाली की काम झालं. हलक्या, रिकाम्या विमानाला त्याहून कमी पुरते. म्हणून हल्ला करणाऱ्याला पट्टी एका जागी तोडून चालत नाही. ती दोन-तीन जागी, पूर्ण रुंदीत तोडावी लागते, आणि रात्री दुरुस्ती चालू असताना पुन्हा यावं लागतं.

दाबोळीचं कोडं इथेच सुटतं. दिवसा दोन हल्ले झाले, रात्री कोणी आलं नाही. टर्मिनल, सोयी आणि ती दोन विमानं मुद्दाम वाचवलेली, म्हणजे माणसं आणि साधनं तिथेच होती. अंधार पडल्यावर जेवढे खड्डे भरायला हवेत तेवढे घाईने भरून, हलक्या वजनाने विमानं उडाली. बॉम्ब वाया गेले असा याचा अर्थ नाही. धावपट्टीवर कोणतीही कुमक उतरू शकली नाही आणि १९ डिसेंबरला संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा शरण आला. पण 'धावपट्टी उद्ध्वस्त' हे वाक्य वर्तमानपत्रात वाचाल तेव्हा मनात 'किती तासांपुरती?' असं जोडून वाचा. स्टॅन्लेला अर्जेंटिनाच्या सैनिकांनी खड्डा भरला, आणि दिवसा पट्टीवर मातीचे गोल ढिगारे रचून ठेवले, म्हणजे वरून फोटो काढणाऱ्याला खड्डे अजून आहेत असं वाटावं. रात्री ढिगारे हटवून त्यांची हर्क्युलीस मालवाहू विमानं युद्ध संपेपर्यंत येत-जात राहिली.

नेमाचा प्रश्न सुटला तो व्हिएतनाममध्ये. थान् होआचा पूल १९६५ पासून शेकडो फेऱ्या झेलून उभा होता. मे १९७२ मध्ये लेझरने दिशा दिलेल्या बॉम्बनी तो पाडला. आज उपग्रहाच्या मदतीने बॉम्ब काही मीटरांत पडतो आणि वारा, उशीर, दिशा या सगळ्या चुका तो वाटेतच दुरुस्त करतो. मग अडचण उरली कुठे? पत्त्यात. ७ मे १९९९ रोजी बेलग्रेडमध्ये अमेरिकन बॉम्ब अगदी ठरवलेल्या इमारतीवर पडले. ती चीनची वकिलात होती. लक्ष्य ठरवणाऱ्यांनी दुसऱ्याच इमारतीचा पत्ता म्हणून ती जागा दिली होती. तीन माणसं गेली. बॉम्बने चूक केली नव्हती.

कायद्याचं एकाच वाक्यात: शहरातल्या वेगवेगळ्या लष्करी जागांना एकच लक्ष्य समजून अख्ख्या वस्तीवर बॉम्ब टाकायला १९७७ च्या जिनिव्हा पूरक कराराने मनाई केली. भारत त्या कराराचा सदस्य नाही, पण नागरिक आणि लष्करी लक्ष्य यांत भेद करण्याचं बंधन रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याने सगळ्यांवरच आहे.

आता तिसरा प्रश्न. टाकलेल्या बॉम्बपैकी साधारण दहातला एक फुटत नाही, हा महायुद्धापासूनचा ढोबळ अनुभव. जर्मनीत अजून दरवर्षी असे बॉम्ब निघतात. त्यातले सगळ्यात वाईट दीर्घ विलंबाच्या फ्यूजचे. काचेची कुपी फुटून आतलं रसायन हळूहळू एक चकती विरघळवतं आणि मग घोडा सुटतो. मऊ मातीत घुसलेला बॉम्ब आत वळून नाक वर करून बसला तर रसायन चकतीपासून लांब राहतं, आणि ती चकती ऐंशी वर्षं तशीच कमकुवत होत राहते.

दाबोळीची परिस्थिती वेगळी आहे. धावपट्टी तोडायचा बॉम्ब क्षणिक विलंबाचा असतो. पठार जांभ्याचं आहे, चिरा कापणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे की तो वरून कडक असतो. तिथे बॉम्ब जर्मनीतल्या नदीकाठच्या गाळासारखा खोल जाऊन लपत नाही. शिवाय १९६४ पासून तिथे नौदलाचा तळ आहे आणि धावपट्टीची जमीन पुन्हा पुन्हा उकरली गेली आहे. शक्यता कमी आहे, शून्य म्हणता येणार नाही. पोकलेनच्या बादलीला जाड लोखंडी नळकांडं, शेपटीचे मोडके पंख किंवा पितळी टोक असलेली जड वस्तू लागली, तर यंत्र आहे तिथेच बंद करा, बादली वर उचलू नका, वस्तूवर पाणी मारू नका, माती झटकून फोटो काढायला जवळ जाऊ नका. माणसं निदान पाचशे मीटर लांब न्या, जवळ मोबाइल वापरू नका, लांब गेल्यावर ११२ वर फोन करा आणि जागा ओळखण्याची खूण तिथून सांगा.